विनोबांची कांचनमुक्ती: पगारदार घराला यातलं काय जमेल?

धंतोली_वाचक
पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांनी 1950 मध्ये कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाशिवाय स्वतःच्या श्रमावर जगण्याचा, प्रयोग केला, एवढं एका ओळीत सगळीकडे येतं आणि पुढच्याच ओळीत भूदान सुरू होतं. रोजचं कसं चालायचं? दान देणं आणि कांचनमुक्त होणं यात फरक काय? रामकृष्ण परमहंसांसारखं पैशाला हात न लावणं, असंच होतं का? आणि नागपुरात घरभाडं, शाळेची फी, विजेचं बिल भरणाऱ्या घराला यातलं काय घेता येईल?

धामकाठ
भाऊ, रामकृष्णांचं वेगळं. रुपया आणि माती हातात घेऊन 'टाका माटी, माटी टाका' (बंगालीत: पैसा म्हणजे माती, माती म्हणजे पैसा) म्हणत त्यांनी दोन्ही गंगेत सोडलं. ती एका साधकाची स्वतःच्या मनावरची मेहनत. विनोबांची ती पायरी आधीच झाली होती: 1938 मध्ये पवनारला येताना धाम नदीच्या पुलावर त्यांनी तीनदा 'संन्यस्तं मया' (मी सगळं सोडलं) म्हटलं. 1950 चा प्रश्न एकट्याचा नव्हता, सगळ्या आश्रमाचा होता. आश्रम देणगीवर चालतो, म्हणजे आपण साधे राहिलो तरी पोट दुसऱ्याच्या घामावर भरतं. ही गाठ सोडवायची होती.

पैशाला ते लबाड म्हणत, कारण त्याची किंमत आज एक, उद्या दुसरी. शेरभर ज्वारी मात्र शेरभरच राहते. म्हणून बाजारातून आणणं थांबवायचं, सुरुवात भाजीपाल्यापासून. शेती बैलांशिवाय, कुदळीनं. तिला ऋषिशेती म्हणत. विहिरीचा रहाटही माणसांनीच ओढायचा. कापड आपल्या सुताचं. खरी अडचण पाण्याची. कुदळीनं जमीन निघते, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात हातानं ओढलेल्या पाण्यावर किती वाफे जगतील, याला हद्द आहे. आधी पाणी मोजा, मग वाफे आखा. उलट केलं की वैशाखात सगळं करपतं.

याच प्रयोगातून उठून ते मार्च 1951 मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. 18 एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत हरिजन कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली आणि गावचे जमीनदार रामचंद्र रेड्डींनी 100 देऊ केले. तिथून भूदान सुरू झालं. पैसा मधून काढून जमीन थेट जमीन म्हणून मागणं, हे पवनारच्या कुदळीचंच पुढचं पाऊल. म्हणून दोन्ही वेगळं वाचू नये.

पेळू_आणि_चाती
कापडाचा हिशेब मांडतो, म्हणजे 'आपल्या सुताचं' या शब्दांचं वजन कळेल. एक गुंडी (सुताची लडी) म्हणजे 640 तार, तार 4 फुटांची, म्हणजे सुमारे 853 वार सूत. इंचाला ताण्याचे (उभे) 40 आणि बाण्याचे (आडवे) 40 धागे धरले तर एका चौरस वाराला 2,880 वार लागतं, म्हणजे साडेतीन गुंड्यांच्या जवळपास. सवयीच्या हाताला गुंडीला दोन-अडीच तास धरा. वारभर कापडामागे सात ते नऊ तास बसलेले असतात, आणि विणकाम अजून बाकीच असतं.

नवख्यांचं सूत बहुतेकदा पेळूमुळेच (पिंजलेल्या कापसाची वळी) तुटतं. पिंजण नीट झालं नाही की गाठी राहतात, गाठीशी तार जाड होते आणि तिच्या पुढे बारीक होऊन सुटते. पेळू चिमटीत दाबून धरू नका, तंतू सरकले पाहिजेत. चाकाचा वेग आणि हात मागे नेण्याचा वेग जुळला नाही तर पीळ कमी पडतो, अन् कमी पिळाचं सूत मागावर हमखास तुटतं.

शिल्लक_वही
पगारदार घरासाठी विनोबांनीच पुढे वाट काढली: संपत्तिदान, 1952. घरात पाच जण असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या. महत्त्वाचं म्हणजे ते पैसा स्वतःकडे घेत नसत. तो दात्याकडेच राहायचा, सांगितलेल्या कामावर त्यानंच खर्चायचा आणि वर्षाचा हिशेब द्यायचा. मला हा भाग सगळ्यांत कठीण वाटतो. पैसा घरात आहे, पण आपला नाही.

महिन्याचा खर्च 30,000 असेल तर हिस्सा 5,000. पगार झाला त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. महिनाअखेर उरेल त्यातून द्यायचं ठरवलं की काही उरत नाही. वही वेगळी ठेवा: तारीख, कोणाला, कशासाठी. 'आपल्याच' माणसांना दिलेलं त्यात लिहू नका. दुसरी चूक पाटीवर नाव लावून घेण्याची.

धंतोली_वाचक
आणि हिस्सा सरळ एखाद्या संस्थेला दिला तर?

शिल्लक_वही
ताई असाल किंवा दादा, 1956 मधलं पाहा. भूदानाचं काम गांधी स्मारक निधीच्या मदतीवर चालू होतं. विनोबांनी ती मदत थांबवली आणि भूदान समित्याही मोडल्या. निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती, म्हणजे निधीपासून आणि संघटनेच्या यंत्रणेपासून सुटका. संस्थेला जरूर द्या, पण खर्च कुठे झाला ते वर्षातून एकदा स्वतः जाऊन पाहा आणि वहीत लिहा.

धामकाठ
पवनार वर्ध्याच्या अलीकडे, नागपूर रस्त्यालाच आहे. गणेशपेठहून वर्ध्याची एसटी धरा. तिथल्या आश्रमात, ब्रह्मविद्या मंदिरात, बहिणींचं सामूहिक जीवन 1959 पासून चालू आहे. श्रमाची वेळ विचारून जा, म्हणजे नुसतं बघून यावं लागणार नाही.