मदत हवी आहे: दिशा बदलली की आर्डुइनो रिसेट, कमी वेगाला मोटर नुसतीच गुणगुणते

प्रश्न (धागाकर्ता):
१२ व्होल्ट ७ एएच लेड-ॲसिड बॅटरी, एल२९८एन मॉड्यूल (मोटर ड्रायव्हर), आर्डुइनो ऊनो आणि ब्रशवाली गिअर मोटर. लोडवर करंट साधारण १.५ अँपियर. ईएनए (वेगाची पिन) ऊनोच्या ९ नंबरच्या पिनवर, आयएन१ आणि आयएन२ (दिशेच्या पिन) ७-८ वर. ऊनोला सप्लाय मॉड्यूलच्या ५ व्होल्ट टर्मिनलवरून. तीन तक्रारी: पूर्ण वेगातही मोटरला जेमतेम ९.५ व्होल्ट मिळतात, पीडब्ल्यूएम (सप्लाय झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारा आकडा, ० ते २५५) ७० च्या खाली गेला की मोटर गुणगुणते पण फिरत नाही, आणि उलट दिशा दिली की ऊनो रिसेट. कोड बिघडलाय का?

तांब्याची_तार:
कोडच्या आधी मोटर मोजा. सप्लाय काढून मल्टिमीटरने टर्मिनलमधला रोध बघा, शाफ्ट थोडा-थोडा फिरवत सगळ्यात कमी आकडा धरा.

धागाकर्ता:
२.८ ओहम.

तांब्याची_तार:
म्हणजे मोटर अडून जाम झाल्यावर १२ ÷ २.८, सुमारे ४.३ अँपियर. एल२९८एन एका चॅनेलला २ अँपियरचा. शिवाय आत जुन्या पद्धतीचे बायपोलर ट्रान्झिस्टर, त्यामुळे दीड अँपियरला अडीच-तीन व्होल्ट तिथेच उष्णता होऊन जातात. तुमचे हरवलेले व्होल्ट हेच.

रिसेटचं कारण: पूर्ण वेगात फिरणाऱ्या मोटरला एकदम उलटं जोडलं की तिचा बॅक ईएमएफ (फिरताना मोटर स्वतः तयार करते ते व्होल्टेज) बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळतो आणि करंटचा झटका जामच्या करंटच्या दुपटीकडे जातो. सप्लाय बसतो, ऊनो त्याच मॉड्यूलवर, मग तोही बसतो.

एल२९८एनच्या जागी बीटीएस७९६० ड्रायव्हर मॉड्यूल घ्या. आर-ईएन, एल-ईएन (ड्रायव्हर चालू करणाऱ्या पिन) आणि व्हीसीसी ५ व्होल्टला, आरपीडब्ल्यूएम (एका दिशेचा वेग) ९ वर, एलपीडब्ल्यूएम (उलट दिशेचा) १० वर, ग्राउंड सगळ्यांचा एकच. एका पिनवर पीडब्ल्यूएम असताना दुसरी शून्यच ठेवा. दिशा बदलताना वेग दर ५ मिलिसेकंदाला ५ ने उतरवा, शून्यावर १०० मिलिसेकंद थांबा, मग दुसऱ्या बाजूने तसाच चढवा. ईएन चालू ठेवून दोन्ही शून्य केलं तर मोटर ब्रेक मारते. मोकळी सोडायची तर ईएन बंद करा.

गिअरबॉक्स:
गुणगुण वेगळी. ९ आणि १० वर मूळ पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झ, तोच कानाला येतो. टायमर-१ (या दोन पिनचा पीडब्ल्यूएम चालवणारा ऊनोतला टायमर) चा प्रिस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा आकडा) ८ केलात तर ३.९ किलोहर्ट्झ, कमी वेगाला करंट गुळगुळीत होतो, शिट्टी मात्र राहते. नुसता प्रिस्केलर १ करू नका, ३१ किलोहर्ट्झ होतात आणि बीटीएस७९६० ची मर्यादा २५. अगदी शांत हवी तर प्रिस्केलर १ सोबत फेज-करेक्ट मोडमध्ये आयसीआर१ (टायमरची मोजणी कुठवर जाते तो रजिस्टर) ला ४०० देऊन २० किलोहर्ट्झ करा, पण मग ॲनालॉगराइट विसरा, ओसीआर१ए आणि ओसीआर१बी (९ आणि १० चे वेगाचे रजिस्टर) मध्ये थेट लिहा. सर्व्हो लायब्ररीही टायमर-१ च वापरते, दोन्ही एकत्र चालणार नाहीत.

फिरायला न लागणं हे घर्षणाचं काम: सुरुवातीला ५० मिलिसेकंद पूर्ण पीडब्ल्यूएम, मग हवा तो.

तांब्याची_तार:
आणि ऊनोला वेगळा एलएम२५९६ बक (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल), जोडण्याआधी पेच फिरवून ५ व्होल्टवर आणलेला. ड्रायव्हरच्या सप्लायवर १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट कपॅसिटर, मोटरच्या टर्मिनलवर १०० नॅनोफॅरड सिरॅमिक. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज हवाच, ७ एएचची बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये वायर पेटवते.