प्रतिसाद: वयापेक्षा वजन आणि पट्टे बघा

दहा वर्षांखालच्या पोरांना झिपलाइनवर (उंचावरच्या तारेला लटकून घसरत जायचा खेळ) चढवूच नका, असं वर म्हटलंय. काळजी रास्त, पण सातारा जिल्ह्यात तापोळा-बामणोलीकडे जाणार असाल तर वयापेक्षा वजन विचारा, तेही बुकिंगच्या फोनवरच. वजन कमी असलं की समोरून वारा आल्यावर मूल तारेच्या मधेच थांबतं आणि कर्मचाऱ्याला जाऊन ओढून आणावं लागतं. तसा धोका नाही, पण पोरगं एकदा घाबरलं की दिवसभर कुठल्याच दोराला हात लावत नाही.

दुसरं म्हणजे हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे सुरक्षेचे पट्टे. लहान मुलांची कंबर अरुंद, त्यामुळे नुसता कमरेचा पट्टा उलटं झाल्यावर निसटू शकतो. त्यांच्यासाठी खांद्यावरून येणारा पूर्ण हार्नेसच मागा. नाही म्हणाले तर सरळ नकार द्या, भीडभाड नको. मोठ्यांचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर हवा. आत सपाट पंजा जावा, पण मूठ वळता कामा नये. मांड्यांचे पट्टे पिळलेले नकोत, कॅराबिनरचा (पट्टा अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू पूर्ण फिरवून बंद केलेला हवा. जाड जर्किनवर पट्टा आवळला आणि मग ऊन लागलं म्हणून जर्किन काढलं, की पट्टा सैल होतो. हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. ओढणी आणि मोकळे केस पुलीत अडकतात, तेवढं आधीच आवरा.

जळवांसाठी मीठ न्या असंही वर म्हटलंय; ते ठीक, पण पँट मोज्यात खोचली तर मीठ बहुधा लागणारही नाही.