भाड्याची गर्दी नव्हती ती
थायलंडमधले लाल शर्टवाले, म्हणजे माजी पंतप्रधान थाकसिनचे समर्थक आंदोलक, ही त्याने पैसे देऊन जमवलेली गर्दी होती, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. इसानमधल्या, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातल्या गरीब शेतकऱ्याला २००१ नंतर थाकसिनच्या सरकारात ३० बाटमध्ये सरकारी दवाखान्यात उपचार मिळू लागले. २००६ च्या लष्करी उठावाने ते सरकार पाडून त्याच्या मताची माती केली, मग तो रस्त्यावर उतरणारच ना! थाकसिनविरोधी पिवळ्या शर्टवाल्यांनी २००८ मध्ये बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ आठवडाभर अडवला, तरी लष्कर हललं नाही. लाल शर्टवाल्यांवर मात्र १९ मे २०१० ला बांबू-टायरांचे अडथळे तोडत चिलखती गाड्या घातल्या. त्या आंदोलनात ९० च्या आसपास माणसं गेली. आणि २०२३ मध्ये थाकसिनचाच पक्ष लष्कराच्या जवळच्या पक्षांना सोबत घेऊन सत्तेत बसला, याची मला खरोखर चीड येते.