मदत हवी आहे: नार्सिसिस्ट की बॉर्डरलाइन?

अबोली: घरात एकाला नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर (स्वतःलाच थोर समजण्याचा व्यक्तिमत्त्वविकार) आहे असं मला वाटतंय, बहीण म्हणते बॉर्डरलाइन (भावना, नाती सतत वरखाली होण्याचा व्यक्तिमत्त्वविकार). यूट्यूबवरच्या ९ पैकी ६ खुणा जुळल्या. जगात शहाणा तो एकटाच, अडवलं की ताट भिरकावतो. फरक कसा ओळखायचा? लवकर सांगा.

जुनाजाणता: कोण? वय काय? कधीपासून?

अबोली: ते जाऊ द्या हो, फरक सांगा.

पिंपळपान: (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तिकेत) दोन्हींना ९ पैकी ५ निकष लागतात आणि राग दोन्हीकडे असतो. तो कशाने पेटतो ते बघा. ‘मला कमी लेखलं’ यावर भडका उडाला तर नार्सिसिस्टिककडे झुकतं, ‘मला सोडून जाशील’ या धास्तीने उडाला तर बॉर्डरलाइनकडे. हिस्ट्रिऑनिक (सतत नाटकी वागण्याचा तिसरा विकार) वाल्यांना नुसतं लक्ष हवं, कीव आली तरी भागतं. नार्सिसिस्टला कौतुकच लागतं.

चहाबिस्कीट: माझा बॉस! शंभर टक्के!!

मोकळाश्वास: १० दिवस इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. माझा राग निम्म्यावर आला.

जुनाजाणता: आजार कुठला ते कळायच्या आत मौनात बसवताय? तिथे अर्जातच मानसिक त्रासाबद्दल विचारतात.

मोकळाश्वास: तुम्ही गेलायत का कधी?

नर्मदाकाठ: ताई, सहन करू नका. पोटगीचा अर्ज घटस्फोटाआधीही करता येतो.

अबोली: नवरा नाहीये तो!! धाकटा भाऊ आहे, २७ वर्षांचा. आधी इतका बुजरा की पाहुणे आले की गच्चीवर पळायचा. गेला दीड महिना रात्री दोनच तास झोपतो. पहाटे ३ ला मिक्सर सुरू, मसाल्याचा ब्रँड काढणार म्हणे. कर्ज काढून २० किलो मिरची आणलीय.

पिंपळपान: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! व्यक्तिमत्त्वविकार दीड महिन्यात उगवत नाही, ऐन तरुणपणापासून वागण्यात मुरलेला असतो. झोप नाही तरी थकवा नाही, वर उधळपट्टी, हा मॅनिया (मन, ऊर्जा अतिरेकी चढण्याचा आजार) असू शकतो. थायरॉइड, स्टेरॉइड, नशा हेही तपासावं लागतं. नैराश्याची गोळी चालू आहे का?

अबोली: हो, फॅमिली डॉक्टरांनी दिलीय, दोन महिने झाले. तीही सांगायची का?

पिंपळपान: तीच आधी, त्या गोळीने कधीकधी मॅनिया उफाळतो. ज्यांनी दिली त्यांना आत्ता फोन करा, मनाने बंद करू नका. आणि उद्याच्या उद्या सायकिअ‍ॅट्रिस्ट गाठा. रात्री आवरेना झाला तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन), १४४१६, चोवीस तास चालू असतं.

अबोली: डॉक्टर फोन उचलत नाहीत. बाबांना दवाखान्यात पाठवलंय.

चहाबिस्कीट: मिरची बेडगी आहे का? ५ किलो मी घेईन.