'आटणे' म्हणजे बाष्पीभवन का? चौथीच्या कृतिपत्रिकेतला पेच

गोदातीर
परभणी-हिंगोलीकडच्या शाळांसाठी जलचक्राची कृतिपत्रिका मराठीत करायचं काम हातात आहे, इयत्ता चौथी. वाक्य असं ठेवलं होतं: 'उन्हाने तळ्यातलं पाणी आटतं.' तपासणाऱ्यांनी 'आटतं' खोडून 'वाफ होऊन जातं' केलं. त्यांच्या मते आटणं म्हणजे दूध चुलीवर ठेवून घट्ट करणं. आपल्याकडे विहीर आटते, तळं आटतं. मग चौथीच्या लेकरांना कोणता शब्द द्यावा? शिवाय बाष्पाचं पुन्हा पाणी होतं त्याला 'संघनन' म्हणावं की 'सांद्रीभवन', तेही सांगा. दोन्ही छापलेले दिसतात.

काळीमाती
खोडण्याचं कारण पटत नाही, पण खोडलं ते बरं झालं. 'आटणे' फक्त कमी झालं एवढंच सांगतं, कुठे गेलं ते सांगत नाही. विहीर आटते ती उपशामुळे आणि भूजलाची पातळी खाली गेल्यामुळे. त्यात उन्हाचा वाटा अगदी थोडा. तळं आटतं त्यात उपसा, मुरणं आणि बाष्पीभवन, तिन्ही असतं. म्हैस आटते, म्हणजे दूध देईनाशी होते, तिथे तर पाण्याचाच संबंध नाही.

कुठे गेलं ते सांगणारे शब्द आपल्याकडे निराळे आहेत. जमिनीत गेलं तर मुरलं, जिरलं. भांड्याच्या अंगातून बाहेर आलं तर पाझरलं, झिरपलं. हवेत गेलं तर मात्र अडचण येते, कारण 'वाळणे' आणि 'सुकणे' ही क्रियापदं ओल्या वस्तूची आहेत, पाण्याची नाहीत. कपडा वाळतो, फरशी सुकते. पाणी वाळत नाही. पाणी कर्ता ठेवायचं तर 'उडून जाणे' हे एकच नेमकं बसतं. कापूर उडतो, पेट्रोल उडतं, तसं पाणीही उडतं.

शब्दनिष्ठ
'पाणी उडालं' म्हटलं की मुलांना अंगावर उडालेले शिंतोडे आठवतील. 'बाष्पीभवन'ला एवढं घाबरायचं कारण नाही. आधी बाष्प नव्हतं ते झालं, हे त्यातला 'ई' सांगतो. 'भवन' म्हणजे आपोआप होणं, 'करण' म्हणजे कुणीतरी करणं. इमारतीच्या 'भवना'शी गल्लत होते, ती फळ्यावर एकदा फोड करून दाखवली की संपते. पाठ्यपुस्तकात हाच शब्द येतो. आणि 'वाफ' ही मूळ 'बाष्प'च आहे, प्राकृतातून घासून आलेली. तेव्हा एक परका आणि एक आपला असं काही नाही. हिंदीतलं 'वाष्पीकरण' मात्र आणू नका.

प्रयोगवही
मूळ एक असेल, पण आजच्या बोलण्यात दोन्हींचे अर्थ वेगळे झालेत आणि शिकवताना ते वेगळेच ठेवावे लागतात. बोलण्यातली वाफ डोळ्यांना दिसते. बाष्प दिसत नाही. चहाची किटली उकळू लागली की तोटीच्या तोंडापासून एक-दोन सेंटीमीटर काहीच दिसत नाही, ते बाष्प. त्यापुढे पांढरं दिसतं ते पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे बाष्प निवून पुन्हा पाणी झालेलं. (मुलांना हातभर लांब उभं करा, न दिसणारा भागच जास्त भाजतो.) 'वाफ होऊन जातं' असं लिहिलं की मुलं तळ्यावर पांढरी वाफ शोधतात, दिसत नाही म्हणून पाणी मुरलं असं लिहून मोकळी होतात.

मुरणं बाजूला काढायला स्टीलची भांडी घ्या. १०० मिलिलिटर पाणी ताटात, तेवढंच पेल्यात, तेवढंच झाकण लावलेल्या डब्यात. तिन्ही सावलीत ठेवा आणि वर जाळी टाका, नाहीतर चिमण्या पाणी पितात आणि निष्कर्ष चुकतो. ताट सगळ्यांत आधी कोरडं पडतं. डब्यातलं जवळजवळ तेवढंच राहतं, झाकणाला आतून थेंब येतात. बोअरचं जड पाणी असेल तर ताटात पांढरा थर उरतो आणि 'पाण्याचं मीठ झालं' असं उत्तर येतं. ते चूक म्हणून खोडू नका. पाणी गेलं, क्षार मागे राहिले, हे सांगायची संधी तीच.

गोदातीर
छान, हे घेतो. संघननाचं काय?

काळीमाती
सांद्रीभवन. 'संघनन' ऐकलं की मुलाच्या कानात 'घन' वाजतं, आणि बाष्पाचा थेट बर्फ होतो असं तो समजतो.

शब्दनिष्ठ
पाठ्यपुस्तकात घनाऐवजी 'स्थायू, द्रव, वायू' येतं, मग गोंधळ कुठे उरला? 'सांद्र' शब्द तर मुलाने कुठेच ऐकलेला नसतो. 'घन'चा दाट असा अर्थ त्याच्या ओळखीचा आहे: घनदाट जंगल.

काळीमाती
पुस्तकात स्थायू, पण घरी मोठी भावंडं 'घनरूप'च म्हणतात. पुढे घनता, घनफळ येतात ते वेगळंच. न ऐकलेला शब्द चुकीच्या अर्थाने ऐकलेल्यापेक्षा बरा.

प्रयोगवही
शब्द कोणताही ठेवा, मुलं थंड पाण्याच्या ग्लासाबाहेर जमलेल्या थेंबांना 'पाझरलं' म्हणणारच, कारण घरचा माठ खरोखर पाझरतो. त्यासाठी ग्लासातल्या पाण्यात कपड्यांची नीळ घाला. बाहेरचे थेंब बिनरंगी येतात. हळद नको, ती विरघळत नाही, तळाशी बसते. पावसाळ्यात बर्फाचा ग्लास झाकून वजनकाट्यावर ठेवला तर अर्ध्या तासात एक-दोन ग्रॅम वजन वाढतं. पाझरलं असतं तर वाढलं नसतं.

हा प्रयोग एप्रिलमध्ये मात्र फसतो. हवा ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात तो, ८-९ अंशांवर येतो. माठाचं पाणी फार तर २१-२२ अंशांपर्यंत उतरतं, म्हणजे त्या ग्लासाला थेंब येणं शक्यच नाही. बर्फ घातला तरी पातळ थर येतो आणि पंख्याखाली ग्लास लवकर तापून तोही जातो. जुलैत २७ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २३ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा दोन खडे पुरतात. हा धडा पावसाळ्यातच घ्या.

बांधकरी
दवाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. 'दव पडतं' या वाक्याने मुलांचा समज होतो की ते वरून पडतं. धुईचंही, म्हणजे धुक्याचंही, तेच: 'तुरीवर धुई पडली.' कृतिपत्रिकेत 'दव जमतं' लिहावं.

शब्दनिष्ठ
इथे मी बोलीच्या बाजूने. ऊन पडतं, थंडी पडते, दुष्काळ पडतो. यातलं काय वरून पडतं? 'पडणे' म्हणजे इथे होणं. चालत आलेलं क्रियापद मोडू नका.

बांधकरी
मोठ्यांना कळतं. मुलं मात्र पुरावाही देतात: लिंबाखाली दव नसतं, म्हणजे झाडाने अडवलं.

प्रयोगवही
निरीक्षण बरोबर आहे, कारण वेगळं. उघड्या आभाळाखाली पानं रात्री आपली उष्णता वर सोडून गार होतात. झाडाखाली तेवढी होत नाहीत. ढगाळ रात्रीही दव म्हणूनच नसतं. ओल्या मातीवर काचेचा पेला रात्रभर पालथा ठेवा. सकाळी आतून थेंब दिसतील. वरून पडणारं पाणी आत कुठून येईल?

काळीमाती
ओल्या मातीवरून आठवलं, 'वाफसा' कृतिपत्रिकेत यायलाच हवा. पाऊस उघडल्यावर जादा पाणी मुरतं, थोडं उडतं, मातीच्या पोकळ्यांत हवा शिरते, तो वाफसा. हलक्या मुरमाड रानात लवकर येतो, काळ्या जमिनीत उशिरा. शब्दातच वाफ आहे.

बांधकरी
आमच्याकडे सगळे 'वापसा' म्हणतात, कृषी सल्ल्यातही तेच छापतात. त्यात वाफ कशी काढणार?

शब्दनिष्ठ
'वाफ'चा फ सैल पडून प झाला असेल.

बांधकरी
मग तोंडातली 'वाफ'ही कधी 'वाप' व्हायला हवी होती, ती का झाली नाही? व्युत्पत्ती राहू द्या. मुलांना परीक्षा द्या: चार बोटं खालची माती मुठीत दाबायची. गोळा होऊन हलक्या धक्क्याने फुटला तर वापसा, हाताला चिकटला तर नाही.

गोदातीर
ही परीक्षा घेतो. 'आटतं'च्या जागी मात्र अजून रिकामी ओळ आहे.