नव्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स वॉरंटीत सतावतोय, गाडी बदलून मिळते का?

कांजूरचा_क्लच
पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. इनव्हॉइस १४ लाखांचं, वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर. जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी हिसके देते. कधी गिअरबॉक्स गरम झाल्याचा दिवा लागतो आणि गाडी बंद करून परत चालू केली की गायब. सर्व्हिस सेंटरने आधी सॉफ्टवेअर अपडेट मारलं, मग क्लच पॅक बदलला. आता म्हणतात, या मॉडेलचं हे नॉर्मल आहे. अमेरिकेत म्हणे लेमन लॉ असतो, सदोष गाडी बदलून देण्याचा कायदा. आपल्याकडे काय? पैसे परत मागायचे तर सुरुवात कुठून करायची?

परळ_आयोग
लेमन लॉ नाही. अमुक वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलून द्याच, असा आकडा भारतातल्या कुठल्याच कायद्यात नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्याच्या कलम ३९ खाली ग्राहक आयोग दोष काढायला, वस्तू बदलून द्यायला, व्याजासह किंमत परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो.

पण कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला २००६ चा मारुती उद्योगचा निकाल पुढे करणार, हे गृहीत धरा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग बदलायचं बंधन आहे, अख्खी गाडी बदलण्याचं नाही. उलट बाजूला २०१० चा फियाटचा सर्वोच्च न्यायालयाचाच निकाल आहे: स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासा, मूळ उत्पादनदोष निघाला तर किंमत परत करा. तुमची केस या दोहोंच्या मधे कुठे बसते ते कागद ठरवणार. त्यामुळे मागणी पर्यायी लिहा: गाडी बदलून द्या, नाहीतर किंमत परत, तेही नाही तर गिअरबॉक्स असेंब्ली नवी आणि वाढीव वॉरंटी. एकच मागणी करून ती फेटाळली गेली तर हात हलवत परत यावं लागतं.

किमतीबरोबर रोड टॅक्स, विमा आणि कर्जाचं व्याज वेगळं मागा, न मागितलेलं सहसा मिळत नाही. महाराष्ट्रात १४ लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स एकरकमी (वन टाइम) १२ टक्के, म्हणजे १.६८ लाख. सोडण्यासारखी रक्कम नाही ही. आणि हप्ते थांबवू नका, बँकेला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नाही.

ओबीडी_मास्टर
वकिलाआधी जॉब कार्डचं बघा, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तक्रार लिहून सही घेतात तो कागद. बहुतेक केसेस तिथेच मार खातात. सर्व्हिस अॅडव्हायझर ‘जनरल चेकअप’ किंवा ‘जर्क चेक’ एवढंच टाइप करतो. सहीच्या आधी त्याला पूर्ण वाक्य लिहायला लावा: ‘१५-२० मिनिटं हळू ट्रॅफिकमध्ये चालवल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसका, ट्रान्समिशन तापमानाचा इशारा, किलोमीटर इतके.’ दर वेळी तेच शब्द. शब्द बदलले की कंपनी म्हणते प्रत्येक तक्रार वेगळी होती, आणि वेगळी होती म्हणजे सुटली होती.

दिवा गायब झाला तरी बिघाडाचा कोड बहुतेक वेळा गाडीच्या कॉम्प्युटरच्या मेमरीत राहतो. गाडी आत घेताना, कोड पुसायच्या आधी, स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागा. गाडी थंड असताना चक्कर मारून ‘प्रॉब्लेम आढळला नाही’ लिहितात, तर टेस्ट ड्राइव्ह इंजिन आणि गिअरबॉक्स तापलेले असताना, चढावर, तुम्हाला बाजूला बसवून घ्यायला सांगा. परत घेताना ‘समाधानकारक’ खाली कोरी सही नको, ‘तक्रार कायम’ लिहून सही करा. वॉरंटीतल्या कामाचं शून्य रुपयांचं बिलही मागून घ्या, कुठला पार्ट बदलला याचा पुरावा तोच.

बाहेरून वायरिंग हार्नेस कापून फॉग लॅम्प किंवा कॅमेरा बसवला असेल तर आत्ताच सांगा. बिघाडाशी संबंध असो-नसो, बोट तिकडेच दाखवणार.

बोरिवली_फास्ट
कायद्यात प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या जबाबदारीचं, आख्खं प्रकरण आहे ना? कलम ८४ प्रमाणे उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्धही करावा लागत नाही. तेच लावा.

परळ_आयोग
इथे ते लागणार नाही. त्या प्रकरणासाठी ‘हानी’ व्हावी लागते आणि कलम २(२२) मधल्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचं नुकसान वगळलंय. गिअरबॉक्समुळे अपघात होऊन कुणी जखमी झालं तर ते प्रकरण. नुसता गिअरबॉक्स बिघडला तर कलम २(१०) मधला ‘दोष’ आणि दुरुस्ती नीट न केल्याबद्दल २(११) मधली सेवेतली ‘त्रुटी’. कंपनी आणि डीलर दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर जो समोर नाही त्याच्यावर ढकलतात.

रस्ता असा. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, तिकीट नंबर घ्या. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बंधनकारक नाही, पण कंपनीचं लेखी उत्तर बाहेर काढायला बरी. मग नोटीस, १५ दिवसांची मुदत. मग कलम ३५ खाली तक्रार, ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर. ५० लाखांपर्यंत दिलेली किंमत असेल तर जिल्हा आयोग. भरपाई कितीही मागा, २०१९ च्या कायद्यात फक्त दिलेली किंमत धरतात. १० ते २० लाखांना फी ४०० रुपये. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथला आयोग चालतो, शोरूम ठाण्यात असलं तरी कांजूरला राहणाऱ्याला मुंबई उपनगर चालेल.

तक्रारीबरोबरच कलम ३८ खाली तपासणीचा अर्ज द्या. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर आयोग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवालाला ४५ दिवस. फी आधी तुम्हाला भरायला लावू शकतात. व्हीजेटीआय (मुंबईतलं इंजिनिअरिंग कॉलेज) किंवा पुण्याची एआरएआय (वाहन चाचणी संस्था) अशी नावं अर्जात सुचवा. खासगी गॅरेजवाल्याचं पत्र लावून थांबलात तर कंपनी त्याला पहिल्या उलटतपासणीत संपवते.

कांजूरचा_क्लच
वॉरंटी संपेपर्यंत थांबून मग केस केली तर?

परळ_आयोग
नाही! वॉरंटी ३ वर्षांची, पण कलम ६९ ची मुदत २ वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. ईमेल आणि नोटिसांनी ती लांबत नाही. पहिल्या जॉब कार्डाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे वादच नको. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याची कारणं द्यावी लागतात.

ओबीडी_मास्टर
शिवाय मीटर जितका पळेल तितकं ‘गाडी चालतेय की’ म्हणणं सोपं. आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात घालू नका. पाणी शिरलं की वॉरंटीचा विषयच बाजूला पडतो आणि मूळ दोष कोणता, पाण्याचा कोणता, हे कुठल्याच प्रयोगशाळेला वेगळं काढणं अवघड.