मनाली–लेह प्रवास : तांदीनंतर किती पेट्रोल धरावे?

प्रश्न

नमस्कार. जूनच्या अखेरीस आम्ही चौघे पुण्याहून स्वतःच्या गाडीने मनालीमार्गे लेहला जाणार आहोत. गाडी पेट्रोल हॅचबॅक असून टाकी ३७ लिटरची आहे. कोल्हापूर महामार्गावर ती लिटरला १८ किलोमीटर देते. मनालीच्या पुढे लेहच्या वाटेवर असलेल्या तांदीच्या पंपावरील प्रसिद्ध फलक पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगतो. म्हणजे २० लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. पण बारालाचा, लाचुंग ला आणि तांगलांग ला या खिंडी चढताना हेच अ‍ॅव्हरेज धरणे योग्य ठरेल का? जादा पेट्रोल कॅनमध्ये न्यावे का?

प्रतिसाद १

महामार्गाचे अ‍ॅव्हरेज तिथे धरू नका. तांगलांग ला ५,३०० मीटरहून उंच आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद बरीच घटते आणि चार माणसे व सामान घेऊन बराच चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच काढावा लागतो. पेट्रोल खरे जाते ते या खालच्या गिअरमुळे आणि उखडलेल्या रस्त्यामुळे. इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन संगणकाने मोजून सोडणाऱ्या, गाड्या विरळ हवेनुसार इंधन आपोआप कमी सोडतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलींना मात्र ते जमत नाही, म्हणून त्या वर काळा धूर सोडतात आणि जास्त पितात.

तुम्ही लिटरला १२ धरा. ३६५ किलोमीटरला साधारण साडेतीस लिटर होतात आणि टाकीत सहा लिटरहून अधिक उरते. शिवाय लेहच्या सुमारे ३५ किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे. तांदीला टाकी पूर्ण भरली, तर या टप्प्यासाठी कॅनची गरज नाही.

प्रतिसाद २

१२ हा आकडाही आपल्या गाडीवर पडताळून घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ऑटो कट होईपर्यंत (पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत) टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, चौघांना आणि सामानाला घेऊन ताम्हिणी, वरंधा अशा घाटांतून किमान दोनशे किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे तुमचे खरे अ‍ॅव्हरेज. अंतर कमी ठेवले तर भरण्यातला अर्ध्या लिटरचा फरकसुद्धा उत्तर बिघडवतो. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. तो बहुधा थोडा जास्तच असतो.

कॅनबद्दल : प्लास्टिकच्या डब्यात पेट्रोल कधीही नेऊ नका. पायथ्याशी भरलेला डबा उंचीवर फुगतो, झाकणातून वाफ सुटते आणि बंद गाडीत ती सर्वांच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. लेहहून खारदुंग लामार्गे नुब्रा, तुर्तुक आणि तिथून श्योकच्या रस्त्याने पँगाँग असाही बेत आहे. तिथेही हाच हिशेब लागू होईल का?

प्रतिसाद १

होय, आणि खरी अडचण तिथेच आहे. लेह ते नुब्रातले डिस्कित सुमारे १२०, डिस्कितहून तुर्तुकला जाऊन-येऊन १७०-१८०, डिस्कित ते पँगाँग १६०च्या पुढे आणि तिथून कारूपर्यंत आणखी सव्वाशे किलोमीटर. एकूण सुमारे ५८० किलोमीटर होतात. १२ च्या अ‍ॅव्हरेजने एक टाकी ४४४ किलोमीटरच जाते. म्हणजे सगळा बेत डिस्कितच्या पंपावर अवलंबून आहे. अशा दुर्गम पंपांवर साठा संपलेला असू शकतो, म्हणून तिथे पोहोचताच, टाकी अर्धीहून जास्त असली तरी, भरून घ्या आणि तुर्तुकहून परतताना पुन्हा भरा. जातानाच पेट्रोल मिळाले नाही, तर तुर्तुक आणि श्योकचा रस्ता दोन्ही सोडून खारदुंग लावरूनच लेहला परत फिरा. टाकी तेवढ्याला आरामात पुरते, आणि पँगाँगला लेहहून कारू-चांग लामार्गे वेगळे जाता येते.